फुटबॉल देशोदेशी नेला कोणी? भुसावळच्या ग्राउंडवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्ल्ड कप जवळ आला की आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बाजारात ब्राझीलच्या पिवळ्या आणि अर्जेंटिनाच्या आकाशी पट्ट्यांच्या जर्सी टांगलेल्या दिसायला लागतात. मी संध्याकाळी मुलांना फुटबॉल शिकवतो. मुलं प्रश्न विचारतात, त्यांना सोडायला आलेले पालक विचारतात, आणि कट्ट्यावर बसलेले रेल्वेतले निवृत्त काका तर हमखास विचारतात. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

फुटबॉल इंग्रजांचा. मग तो जगभर इंग्रज सैन्यानेच नेला ना?

हिंदुस्थानात मोठा वाटा पलटणींचाच होता. पण जगाचा नकाशा समोर ठेवला तर वेगळंच दिसतं. ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे, इटली, स्पेन या देशांवर इंग्रजांचं राज्य कधी नव्हतं. तिथे फुटबॉल नेला तो नोकरीधंद्यासाठी गेलेल्या माणसांनी. कोणी रेल्वेत इंजिनिअर, कोणी सूतगिरणीत मिस्त्री, कोणी शाळामास्तर, कोणी बंदरावर डॉक्टर. फुटबॉलचा प्रचार करायला यातला कोणीही गेलेला नव्हता. रविवारी वेळ जात नव्हता, म्हणून त्यांनी आपला खेळ काढला.

आपली माणसं पोटासाठी सुरतेला गेली, उधना-लिंबायतला राहिली, आणि श्रावणात तिथेही कानबाई, म्हणजे आपली खान्देशची देवी, बसवायला लागली. तसंच हे. माणूस गाव सोडतो तेव्हा जे सोबत नेतो, त्यात खेळही असतो.

1863 साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि नियम लिहिले गेले. त्याच 1860 च्या दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे आपल्या खान्देशात रूळ टाकत होती. पुढची पन्नास वर्षं जगभर रेल्वे पसरली आणि तिच्या मागोमाग हा खेळही.

ब्राझीलमध्ये फुटबॉल एकट्या चार्ल्स मिलरने आणला, हे खरं का?

अर्धं खरं. पण गोष्ट चांगली आहे, म्हणून नीट सांगतो.

मिलरचा बाप स्कॉटलंडचा, साओ पाउलो रेल्वेत कामाला. ही रेल्वे आतल्या भागातली कॉफी सांतोस बंदरावर आणायची, आपली रेल्वे कापूस मुंबईला न्यायची तशी. चार्ल्सचा जन्म 1874 चा, साओ पाउलोतलाच. शिकायला पोराला इंग्लंडला साउथॅम्प्टनला पाठवलं. तिथे तो अभ्यासापेक्षा मैदानावर जास्त रमला असावा, कारण 1894 मध्ये परत आला तेव्हा सामानात दोन फुटबॉल, हवा भरायचा पंप, बूट आणि नियमांचं पुस्तक होतं. परत येऊन त्यानेही रेल्वेतच नोकरी धरली.

14 एप्रिल 1895 ला त्याने सामना भरवला. एकीकडे रेल्वेवाले, दुसरीकडे गॅस कंपनीवाले. खेळायच्या आधी मैदानात चरणारी ट्राम कंपनीची जनावरं हाकलावी लागली. हे वाचून आमच्या पोरांना फार बरं वाटतं, कारण आम्हालाही रोज आधी म्हशी आणि बकऱ्या बाहेर काढाव्या लागतात. रेल्वेवाल्यांनी सामना 4-2 असा जिंकला.

आता दुसरी बाजू. रिओ शहराच्या कडेला बांगू नावाचं गिरणीचं गाव आहे. तिथे ग्लासगोजवळच्या बझबीचा थॉमस डोनोहो कापड रंगवायच्या खात्यात कामाला आला होता. मिलरच्या आधी, 1894 मध्येच, डोनोहोने गिरणीच्या आवारात सामना खेळवला असं बांगूचे लोक ठासून सांगतात. पहिला मान कोणाचा यावर तिकडे अजून भांडणं होतात. मला त्या भांडणात रस नाही. बांगूत पुढे जे झालं ते मला जास्त मोलाचं वाटतं.

बांगूत असं काय झालं?

मिलर ज्या क्लबात खेळायचा तो साहेबलोकांचा क्लब होता. रेल्वेचे अधिकारी, बँकवाले, त्यांची मुलं. बाकीच्यांनी कुंपणाबाहेरून बघायचं. बांगू शहरापासून दूर. गिरणीत परदेशी माणसं मोजकीच, दोन संघ काही पुरे होईनात. 1904 मध्ये क्लब निघाला तेव्हा त्यांनी गिरणीतल्या कामगारांनाच संघात घेतलं. 1905 मध्ये फ्रान्सिस्को कार्रेगाल हा विणकर त्या संघात खेळत होता. बाप पोर्तुगीज, आई कृष्णवर्णीय. गुलामगिरी बंद होऊन ब्राझीलमध्ये तेव्हा सतराच वर्षं झाली होती, हे लक्षात घ्या. चांगलं खेळणाऱ्या कामगाराला बांगूच्या गिरणीत हलकं काम मिळायचं आणि सरावासाठी लवकर सुट्टी. आपल्याकडे रेल्वेत आणि पोलिसात खेळाडू कोट्यातून भरती होते, तो प्रकार तिथे इतका जुना आहे.

रिओतच वास्को द गामा नावाचा क्लब. तो पोर्तुगालहून आलेल्या, बहुतेक दुकानदारी करणाऱ्या लोकांचा. 1923 मध्ये वास्कोने काळे, मिश्रवर्णी आणि गरीब गोरे खेळाडू घेऊन शहराचं अजिंक्यपद मारलं. मोठ्या घरच्या क्लबांना ते झोंबलं. पुढच्या वर्षी त्यांनी वेगळी लीग काढली आणि वास्कोला कळवलं की तुमचे बारा खेळाडू काढा, मग या. वास्कोच्या अध्यक्षांनी एप्रिल 1924 मध्ये पत्र लिहून साफ नकार दिला. ते पत्र क्लब आजही अभिमानाने मिरवतो.

आर्तुर फ्रीडेनराइख हे नावही मुलांना सांगा. बाप जर्मन घराण्यातला, आई कृष्णवर्णीय. 1919 च्या दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेत ब्राझीलचा विजयी गोल त्याचा. पेलेच्या जन्माआधी एकवीस वर्षं.

माझं मत विचाराल तर खेळ बोटीतून उतरला म्हणून रुजत नाही. तो आणणाऱ्यांनी, नाहीतर त्यांच्या मागून आलेल्यांनी, क्लबाचं दार गावासाठी उघडलं तर रुजतो. मिलरने बॉल आणला, दार बांगूने आणि वास्कोने उघडलं.

आम्ही अर्जेंटिनावाले. आमचं काय?

तुमचं श्रेय एका मास्तरांना जातं. अलेक्झांडर वॉटसन हटन, ग्लासगोचे. 1882 मध्ये ब्युनोस आयर्सला शाळेत शिकवायला आले. मुलांनी मैदानावर घाम गाळला पाहिजे हा त्यांचा आग्रह. शाळेने हवी तशी सोय केली नाही, म्हणून 1884 मध्ये त्यांनी स्वतःचीच शाळा काढली. 1893 मध्ये त्यांच्या पुढाकाराने लीगची संघटना उभी राहिली. त्यांच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाचं नाव अलुम्नी. या संघाने 1911 पर्यंत दहा वेळा अजिंक्यपद जिंकलं. त्याही आधी, जून 1867 मध्ये, हॉग बंधूंनी ब्युनोस आयर्सच्या क्रिकेट क्लबाच्या मैदानावर सामना भरवला होता. पण मास्तर आल्यावर त्याला शिस्त लागली.

मेस्सीच्या गावाची गोष्ट तर भुसावळकरांना आपलीच वाटेल. रोसारियो हे रेल्वेचं आणि बंदराचं शहर. तिथे दोन क्लब आणि दोघांमध्ये कायमचा उभा दावा. रोसारियो सेंट्रल 1889 मध्ये रेल्वेच्या नोकरांनी काढला. न्यूवेल्स ओल्ड बॉईज 1903 मध्ये निघाला तो इंग्लंडच्या केंट परगण्यातून आलेल्या आयझॅक न्यूवेल या शिक्षकाच्या शाळेतल्या लोकांनी. म्हणजे एक क्लब लोको शेडचा, दुसरा शाळेचा. मेस्सी लहानपणी न्यूवेल्समध्ये खेळला. त्याचं घराणं मुळात इटलीतल्या रेकानाती गावचं.

इटलीचं नाव निघालंच आहे तर, अर्जेंटिनात ब्रिटिशांपेक्षा कितीतरी जास्त इटालियन आणि स्पॅनिश लोक येऊन राहिले. ब्युनोस आयर्सच्या बोका बंदर-वस्तीत जिनोआकडचे गोदी कामगार. बोका ज्युनियर्स तिथला, 1905 चा. त्या क्लबाच्या माणसांना आजही 'जिनोआवाले' म्हणूनच हाक मारतात. 1913 मध्ये रेसिंग क्लब अजिंक्य ठरला आणि ब्रिटिश नावांची सद्दी तिथे संपली. मास्तरांच्या शाळेने सुरू केलेला खेळ गोदीतल्या पोरांनी वीस वर्षांत पुरता आपला केला.

उरुग्वे एवढासा देश. तो पहिला विश्वविजेता कसा?

पुन्हा रेल्वे! 1891 मध्ये माँतेविदेओत सेंट्रल उरुग्वे रेल्वेच्या नोकरांनी क्लब काढला, नावाला क्रिकेट क्लब. त्यातूनच आजचा पेन्यारोल उभा राहिला. क्लबाच्या जर्सीचा पिवळा-काळा रंग रेल्वेचाच. उरुग्वेने कृष्णवर्णीय खेळाडू फार लवकर देशाच्या संघात घेतले. 1916 च्या दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेत चिलीवाल्यांनी तक्रारच केली होती की यांनी आफ्रिकन खेळवले. ग्रादीन आणि देल्गादो हे ते दोघे, आणि दोघेही उरुग्वेचेच. मग 1924 आणि 1928 चं ऑलिंपिक सुवर्ण, आणि 1930 चा पहिला वर्ल्ड कप.

युरोपातल्या क्लबांचं तरी मूळ त्या त्या देशातलंच असेल?

नावं वाचा, कळेल. इटलीतला जिनोआ क्लब 1893 चा, इंग्रजांनी स्थापलेला. तिथे जेम्स स्पेन्स्ली नावाचे डॉक्टर आले ते कोळशाच्या बोटींवरच्या इंग्रज खलाशांना औषधपाणी करायला. फुटबॉलचा विभाग त्यांनी सुरू केला आणि इटालियन लोकांना सभासद व्हायची मुभाही त्यांच्याच काळात मिळाली. एसी मिलान 1899 चा, त्यात मुख्य माणूस हर्बर्ट किल्पिन, नॉटिंगहॅमचा, कापडधंद्यातला. युव्हेंट्सच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्याही नॉटिंगहॅमहून 1903 मध्ये आलेल्या. त्याआधी ती मंडळी गुलाबी घालून खेळत. स्पेनमधला सगळ्यात जुना क्लब रेक्रेआतिवो द वेल्वा, 1889 चा. रिओ तिंतोच्या तांब्याच्या खाणीवरच्या ब्रिटिश लोकांच्या वस्तीतून तो निघाला. बार्सिलोना 1899 चा, आणि काढणारा स्वित्झर्लंडचा हान्स गाम्पर. त्याने खेळाडू हवेत म्हणून पेपरात जाहिरात दिली होती!

कामगार स्वतः खेळायचे की नुसते साहेबच?

या प्रश्नाचा धागा आपल्या कापसापर्यंत येतो.

इंग्लंडात सुरुवातीला फुटबॉल श्रीमंत शाळांतल्या मुलांचा होता. लँकेशायरच्या गिरणी कामगारांना शनिवारी दुपारची सुट्टी मिळायला लागली आणि सगळं फिरलं. ग्लासगोहून फर्गस सूटरसारखे स्कॉटिश खेळाडू लँकेशायरला आले. सूटर हा दगड घडवणारा कारागीर. म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉललाही पासिंग शिकवलं ते बाहेरून आलेल्यांनीच. 1883 मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या कामगारांच्या संघाने ईटन या श्रीमंत शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना 2-1 हरवून एफए कप, म्हणजे फुटबॉल असोसिएशनचा कप, नेला. 1888 मध्ये लीग सुरू झाली त्यातल्या बारा संघांपैकी सहा लँकेशायरचे.

या गिरण्यांना कापूस अमेरिकेतून यायचा. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात तो आटला आणि मागणी वळली हिंदुस्थानाकडे. खान्देशात कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबई बंदरातून जाणाऱ्या हिंदुस्थानी कापसाला तिकडे सरसकट 'सुरत' म्हणत. धागा आखूड, सारखा तुटायचा, आणि कामगार त्याच्या नावाने बोटं मोडायचे. म्हणजे ज्या हातांनी आपला कापूस काततांना शिव्या घातल्या, त्यांचीच पोरं पुढे बॉल घेऊन जगभर गेली. हा दुवा मी ग्राउंडवर सांगतो तेव्हा शेतकऱ्यांच्या घरची मुलं हसतात. भावाचं रडगाणं किती जुनं आहे ते त्यांना घरूनच माहीत असतं.

लँकेशायरची माणसं रशियातही पोचली. मॉस्कोजवळ ओरेखोवो-झुयेवो इथे मोरोझोव घराण्याच्या प्रचंड गिरण्या होत्या. तिथे चारनॉक बंधू व्यवस्थापनात. रविवारी कामगारांनी व्होडका पिऊन लोळण्यापेक्षा खेळावं, असा त्यांचा हेतू सांगतात. या गिरणीच्या संघाने 1910 पासून मॉस्कोची लीग लागोपाठ जिंकली.

अमेरिकेत फुटबॉल का नाही रुजला?

रुजला होता, पण ठिकठिकाणच्या वस्त्यांपुरता. न्यू जर्सीत कर्नी नावाचं गाव आहे. स्कॉटलंडच्या पेझ्लीची क्लार्क थ्रेड कंपनी, शिवणाचा दोरा करणारी, तिने तिथे गिरणी काढली आणि माणसंही तिकडून आणली. त्यांच्या संघाने 1885 मध्ये पहिला अमेरिकन कप जिंकला. शंभर वर्षांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातले हार्क्स, रामोस आणि मिओला हे तिघं याच कर्नीतून वर आले. एकाचं घर स्कॉटिश, दुसऱ्याचा जन्म उरुग्वेतला, तिसऱ्याचे आईबाप इटालियन.

1950 च्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेने इंग्लंडला 1-0 हरवलं. गोल करणारा जो गेटजेन्स हैतीहून शिकायला आलेला होता.

ऑस्ट्रेलिया तर इंग्रजांचाच देश. तिथे फुटबॉल मागे का पडला?

माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे, आणि आपल्याकडे कोणालाच माहीत नसते.

ऑस्ट्रेलियात जुन्या इंग्रजी घराण्यांनी रग्बी, क्रिकेट आणि स्वतःचा ऑस्ट्रेलियन रूल्स धरला. फुटबॉल होता, पण दुय्यम. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांसाठी आणि धरणांसाठी माणसं हवी होती, म्हणून इटली, ग्रीस, युगोस्लाव्हिया अशा देशांतून बोटी भरून लोक आले. भाषा येत नाही, जेवण वेगळं, शेजारी नाक मुरडतात. या लोकांनी फुटबॉल क्लब काढले. मेलबर्नमध्ये क्रोएशियन लोकांचा क्लब 1953 चा, सिडनीतला इटालियन लोकांचा मार्कोनी 1958 चा, ग्रीकांचा साउथ मेलबर्न हेलास 1959 चा. नुसती खेळायची जागा नव्हती ती. नोकरी कुठे आहे, खोली कुठे मिळेल, कोणाची मुलगी लग्नाची आहे, सगळ्या गोष्टी क्लबात कळायच्या.

बाकीचे ऑस्ट्रेलियन या खेळाला उपऱ्यांचा खेळ म्हणून हिणवायचे. त्यासाठी एक शिवीवजा नावच होतं. मुलगा फुटबॉल खेळतो म्हणजे तो आपल्यातला नाही, अशी समजूत.

1974 मध्ये ऑस्ट्रेलिया पहिल्यांदा वर्ल्ड कपला गेली, संघात बाहेरून आलेल्या घरांतली मुलं भरपूर. 1977 मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली. 1956 च्या उठावानंतर मायदेश हंगेरीला मुकलेला महान खेळाडू पुश्काश 1989 च्या सुमारास साउथ मेलबर्नला प्रशिक्षक म्हणून आला. त्याला इंग्रजी धड येत नव्हतं. संघाचा कर्णधार अँज पोस्टेकोग्लू, तो स्वतः लहानपणी अथेन्सहून आलेला, त्याच्याशी ग्रीकमध्ये बोलायचा आणि बाकीच्यांना समजावून सांगायचा. 1991 मध्ये त्यांनी लीग जिंकली. हाच पोस्टेकोग्लू पुढे इंग्लंडात मोठ्या क्लबाचा प्रशिक्षक झाला.

नंतर मात्र या क्लबांनाच सांगण्यात आलं की तुमची देशांची नावं आणि चिन्हं काढा, त्याने खेळ मोठा होत नाही. 2005 मध्ये नवी लीग आली तेव्हा जुन्या क्लबांना तिच्यात जागा मिळाली नाही. ज्यांनी हिणवून घेत पन्नास वर्षं खेळ जिवंत ठेवला, त्यांनाच दाराबाहेर काढलं. व्यवहार म्हणून त्याची कारणं देता येतात. मला ते अजून पटत नाही. त्याच वर्षी 16 नोव्हेंबरला उरुग्वेविरुद्ध शेवटची पेनल्टी मारून जॉन अलॉयझीने ऑस्ट्रेलियाला वर्ल्ड कपला नेलं. आडनाव इटालियन. कर्णधार मार्क विडुका त्याच मेलबर्नच्या क्रोएशियन क्लबातून आलेला. 2022 मध्ये पेरूविरुद्ध महत्त्वाची पेनल्टी मारणारा अवेर माबिल केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीत जन्मला होता.

भारतात स्थलांतरितांनी काही केलं का?

सुरुवात पलटणी आणि कॉलेजं. सिमल्याचा ड्युरँड कप 1888 चा, मुंबईचा रोव्हर्स कप 1891 चा. 29 जुलै 1911 ला मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला 2-1 हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरापैकी एकानेच बूट घातले होते. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

पण ईस्ट बंगाल क्लब बघा. 1 ऑगस्ट 1920 ला निघाला तो पूर्व बंगालहून कलकत्त्यात आलेल्या लोकांचा म्हणून. 1947 नंतर लाखो निर्वासित आले. घर गेलं, शेत गेलं, शहरात कोणी ओळखत नाही. त्यांना आपलं म्हणायला हा क्लब होता. मोहन बागान–ईस्ट बंगाल सामन्याला लाखाची गर्दी व्हायची ती उगाच नाही.

आणखी एक. मजीद बिश्कर इराणहून अलिगढला शिकायला आला होता, 1980 मध्ये ईस्ट बंगालकडून खेळला आणि कलकत्त्याने त्याला डोक्यावर घेतलं. नायजेरियाचा चिमा ओकोरीही मुळात भारतात शिकायलाच आलेला.

आपल्या लोकांनी परदेशी फुटबॉल नेला, असं कुठे झालं?

फिजी. 1879 ते 1916 या काळात उसाच्या मळ्यांवर सुमारे साठ हजार गिरमिटिये, म्हणजे करारावरचे भारतीय मजूर, नेले गेले. त्यांच्या मुलानातवंडांनी 1938 मध्ये भारतीय फुटबॉल संघटना काढली आणि जिल्ह्याजिल्ह्यांची स्पर्धा सुरू केली. 1960 च्या दशकात ती सगळ्यांना खुली झाली आणि तीच आज देशाची फुटबॉल संघटना आहे. दक्षिण आफ्रिकेतही भारतीयांची संघटना 1903 पासून होती. आपल्या ऊसतोडीच्या टोळ्या नंदुरबारहून बारडोलीकडे जातात तेव्हा मला हे आठवतं.

खान्देशात रेल्वे होती, कापूस होता, गिरण्या होत्या. मग इथे ब्राझील का नाही झालं?

कट्ट्यावरच्या काकांचा आवडता प्रश्न. सामान सगळं होतं, कबूल. भुसावळचं जंक्शन, जळगावची 1870 च्या दशकातली खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल.

पहिलं उत्तर सगळे देतात ते उन्हाचं. मे महिन्यात पंचेचाळीस अंश, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. बुटाच्या स्टडच्या खाली एकेक किलोची ढेप होते आणि मुलगा दोन इंच उंच होऊन चालतो. पण ऊन रिओतही आहे, आणि कलकत्त्याचा फुटबॉल तर पावसाळ्यातच रंगतो. हे कारण मला मान्य नाही.

मला दोन कारणं दिसतात. एक, आपल्या गिरण्या बहुतेक देशी शेटजींच्या. ते चांगलंच. पण बांगूसारखा, कामगारांशिवाय ज्याचा संघच पुरा होत नाही असा परदेशी मिस्त्र्यांचा जथा इथे नव्हता. रेल्वेत युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मंडळी होती. पण त्या काळी रेल्वेगावात बंगले वेगळे, चाळी वेगळ्या, खेळायच्या जागा वेगळ्या. अकरा माणसं त्यांची त्यांना पुरायची.

दोन, कॉलेजं उशिरा आली. कलकत्त्यात फुटबॉल गोऱ्यांकडून घेतला तो शाळा-कॉलेजातल्या मुलांनी. जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप ही कॉलेजं 1940 च्या दशकातली. तोवर गावोगाव कुस्तीचे आखाडे आणि हुतूतू घट्ट होते, आणि शिकलेल्यांना क्रिकेट लागलं होतं. रिकामी जागा उरलीच नव्हती.

म्हणून एखादं पोरगं विचारतं, "सर, हाऊ खेय कोना शे?" (हा खेळ कोणाचा आहे?) तेव्हा मी उत्तर देत नाही, बॉल देतो.

मुलींचं नाव कुठेच नाही?

कारण त्यांना बंदी होती. इंग्लंडच्या असोसिएशनने 1921 ते 1971 बायकांना आपल्या मैदानांवर खेळू दिलं नाही. ब्राझीलमध्ये 1941 ते 1979 कायद्यानेच मनाई. गंमत बघा, इंग्लंडातल्या बंदीच्या आदल्याच वर्षी प्रेस्टनच्या कारखान्यातल्या मुलींचा, डिक कर लेडीजचा, सामना बघायला लिव्हरपूलला 53,000 लोक जमले होते. 1922 मध्ये हा संघ अमेरिकेत जाऊन पुरुषांच्या संघांशी खेळून आला. आमच्याकडे मुली येतात. जास्त याव्यात.

आमच्या गल्लीच्या संघात बिहारची, केरळची रेल्वेवाल्यांची मुलं घ्यायची का? "आपल्या" मुलांची जागा जाते.

हा प्रश्न खरोखर येतो, तोही मोठ्यांकडून. एसी मिलान क्लबात 1908 मध्ये परदेशी खेळाडूंवरून भांडण झालं. परदेशी हवेत म्हणणारे बाहेर पडले आणि त्यांनी इंटरनात्सिओनाले काढला, म्हणजे आजचा इंटर मिलान. उलट बिलबाओचा अ‍ॅथलेटिक क्लब. ब्रिटिश कामगार आणि इंग्लंडात शिकून आलेले बास्क तरुण यांच्यातून तो उभा राहिला, आणि आज फक्त बास्क मातीतलेच खेळाडू घेतो. दोन्ही क्लब टिकले, म्हणून दोन्ही दाखले देतो.

आमच्याकडे मात्र जो वेळेवर येतो तो खेळतो. आणि ज्यांना जागा जाण्याची भीती वाटते त्यांनी सुरतेतल्या आपल्या भाच्यापुतण्यांना तिथल्या संघात घेतात की नाही ते फोन करून विचारावं.

पण फुटबॉल मुळात चीनचा ना?

चेंडूला लाथ मारायचा खेळ चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीही होता. आज आपण खेळतो त्याचे नियम 1863 चे, लंडनचे. एवढंच.

मुलाला बॉल कोणता घ्यावा?

आठ वर्षांखाली 3 नंबर, आठ ते बारा 4 नंबर, त्यापुढे 5 नंबर. बॉल उलटून बघा, बहुतेक वेळा जालंधर किंवा मेरठ छापलेलं दिसेल. जालंधरचा हा धंदा फाळणीत सियालकोटहून आलेल्या लोकांनी उभा केला. सियालकोट तेव्हाही खेळाच्या सामानाचं गाव होतं आणि आजही जगाला बॉल पुरवतं.

आपल्याकडे काळ्या मातीसाठी आणि मुरमासाठी हाताने शिवलेला, जाड कव्हरचा घ्या. चकचकीत स्वस्त बॉलची शिवण दोन महिन्यांत मुरूम फाडतो. हवा दगडासारखी टाइट भरू नका, अंगठ्याने दाबल्यावर किंचित आत गेला पाहिजे. पंपाची सुई थुंकी किंवा ग्लिसरीन लावून घाला, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो. आणि उन्हाळ्यात बॉल गाडीच्या डिकीत ठेवू नका.